तारेखालचा धागा आणि तारेखालचा ठोकळा

घरातील ध्वनियंत्रास जोडावयाच्या नाना प्रकारच्या चमत्कारिक उपसाधनांनी आवाज खरोखर सुधारतो काय, हा प्रश्न भाषाविज्ञानाच्या पत्रिकेत का यावा, असे कित्येक वाचकांस वाटेल. तो येण्यास निमित्त घडले ते असे. यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहारा येथे माझे साडू राहतात. शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर त्यांनी संगीतश्रवणाचा छंद मनोभावे जोपासला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे चार दिवस मुक्काम असता बैठकीच्या खोलीत एक अपूर्व दृश्य पाहावयास मिळाले. ॲम्प्लिफायरपासून दोन्ही स्पीकरांकडे जाणाऱ्या तारा जमिनीस टेकू नयेत म्हणून त्यांच्याखाली हातहातभर अंतरावर शिसवी लाकडाचे गुळगुळीत ठोकळे मांडले होते. स्पीकरांच्या पायांखाली पितळी शंकू होते, माथ्यावर रंगीत खड्यांची एकेक थैली होती, आणि भिंतीतील विजेच्या खोबणीपासून यंत्रापर्यंत येणारी तार अंगठ्याएवढी जाड होती. या सर्व वस्तूंवर झालेला खर्च मूळ यंत्राच्या किमतीच्या जवळपास पोहोचला होता, आणि ही गोष्ट मेव्हणीबाईंना पुरती ठाऊक नव्हती. आणखी एक तशीच तार मागवावी असा साडूंचा विचार चालला होता. “तुम्ही आवाजाचे डॉक्टर,” ते मला म्हणाले, “ऐका आणि सांगा.”

त्यांनी एक ख्याल प्रथम ठोकळे काढून व मग ठोकळे लावून ऐकविला. दुसऱ्या खेपेस आवाज अधिक मोकळा झाला असे ते म्हणाले. आणि प्रांजळपणे सांगावयाचे तर मलाही तसेच ऐकू आले. वीस वर्षे ध्वनिलेखन शिकविणाऱ्या माणसाच्या कानांना लाकडाच्या ठोकळ्यांनी आवाज मोकळा झालेला ऐकू यावा, ही घटना मला ठोकळ्यांपेक्षा अधिक विचार करावयास लावणारी वाटली. कारण याच कानांच्या भरवशावर आपण बोलींची वर्णने लिहीत असतो.

येथे प्रथम भाषेचीच एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मराठीत ‘मी ऐकले’ आणि ‘मला ऐकू आले’ अशा दोन भिन्न रचना आहेत. पहिल्या रचनेत ऐकणारा कर्ता आहे. दुसरीत तो चतुर्थीत आहे, म्हणजे घटना त्याच्या ठायी घडते, तो ती घडवीत नाही. ‘मला दिसते’, ‘मला आठवते’, ‘मला थंडी वाजते’ ही वाक्ये याच कुळातील. अनुभव कोणाच्या ठायी घडला याची नोंद आपले व्याकरण अशा प्रकारे आपोआप ठेवते. परंतु ‘आवाज मोकळा झाला’ असे आपण म्हणतो तेव्हा ही चतुर्थी गळून पडते. अनुभव ऐकणाऱ्यापासून सुटतो आणि वस्तूचा गुणधर्म होऊन बसतो. ‘मला आवाज मोकळा वाटला’ आणि ‘आवाज मोकळा झाला’ ही दोन विधाने एकाच पुराव्यावर उभी राहू शकत नाहीत. पहिल्यास साक्षीदाराचा शब्द पुरेसा आहे. दुसऱ्यास तो पुरेसा नाही. ध्वनिसाधनांच्या जाहिराती वाचून पाहाव्यात. त्यांतील बहुतेक वाक्यांत चतुर्थी आढळत नाही. शिवाय ‘मोकळा’, ‘भरीव’, ‘उबदार’, ‘गोड’ ही त्यांतील विशेषणे सारी स्पर्श, चव वा अवकाश या अन्य इंद्रियानुभवांकडून उसनी घेतलेली असतात. अशी लक्षणा भाषेत सर्वत्र चालते व तीत गैर काही नाही. मात्र ‘अधिक भरीव’ हे कशाच्या मानाने आणि किती, हे विचारण्याची सोय त्या विशेषणात नसते.

तथापि, विचित्र वाटते म्हणून एखादे साधन खोटे ठरत नाही. हे सांगण्यास उत्तम उदाहरण आपल्याच संगीतात आहे. ज्या दिवशी साडूंच्या घरी तारेखाली ठोकळे पाहिले, त्याच घरात खुंटीला गवसणीत घातलेला एक तंबोराही होता, आणि त्याच्या तारांखाली दोऱ्याचे तुकडे होते.

तंबोऱ्याची घोडी पाश्चात्त्य तंतुवाद्यांच्या घोडीप्रमाणे धारदार नसते. तिचा माथा रुंद व किंचित उताराचा असतो, आणि तार त्या उतारावर टेकून पुढे जाते. हा उतार कानसून कानसून नेमका आणण्याचे जे काम त्यास जवारी लावणे किंवा काढणे म्हणतात. मिरजेत हे काम पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. शिकलगार घराण्यातील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंतुवाद्यनिर्मितीस आरंभ केला, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूरच्या परिसरात पिकणारा भोपळा, तुणीचे लाकूड आणि कारागिराचा कान यांतून हे वाद्य सिद्ध होते. परंतु इतके सर्व झाल्यावरही तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा वा रेशमाचा एक बारीक धागा सरकवावा लागतो. धागा नसताना तारेचा आवाज बहुधा बोथट, झटकन विझणारा असा येतो. धागा पुढेमागे सरकवीत एका विशिष्ट जागी आणला की तोच आवाज एकाएकी उमलतो, त्यातून वरचे स्वर झिरपू लागतात आणि तो दीर्घकाळ टिकतो. धागा केसभर ढळला की हे सारे नाहीसे होते. मूल्य विचाराल तर धाग्याची किंमत शून्य.

या चमत्काराचे मर्म शोधण्याचा पहिला शास्त्रीय प्रयत्न चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केला. भारतीय तंतुवाद्यांवरील त्यांचा निबंध १९२१ साली प्रसिद्ध झाला. थॉमस यंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार, तार ज्या बिंदूवर छेडावी तो बिंदू ज्या अधिस्वराचा निस्पंद बिंदू असेल तो अधिस्वर त्या नादात उमटावयास नको. रामन यांनी असे दाखविले की तंबोरा व वीणा ही वाद्ये हा नियम मोडतात. जो अधिस्वर उमटू नये तो त्यांत स्पष्ट उमटतो. याचे कारण असे की, नियमात तारेचे टोक एका ठाम बिंदूत बांधलेले गृहीत धरले आहे. तंबोऱ्यात मात्र प्रत्येक कंपनागणिक तार घोडीच्या उतारावर लपेटते व उलगडते, म्हणजे तिची लांबी व टेकण्याचा बिंदू सतत किंचित बदलत असतो. या आघातांतून खालच्या अधिस्वरांतील ऊर्जा वरच्या अधिस्वरांत जात राहते. धागा तारेला घोडीवरून अतिसूक्ष्म अंतराने उचलून धरतो, आणि ही लपेट नेमकी केव्हा व कोठे घडावी हे ठरवितो.

आपल्या विषयाच्या विद्यार्थ्यांनी हे एकदा डोळ्यांनी पाहावे अशी माझी शिफारस आहे. तंबोऱ्याच्या एका छेडीचे ध्वनिमुद्रण घेऊन प्रात या संगणकीय साधनाने त्याचा ध्वनिवर्णपट काढावा. धाग्याशिवायच्या छेडीत वरच्या पट्ट्या लवकर मावळलेल्या दिसतात. धागा जागी असता अधिस्वरांच्या एका गटात ऊर्जा साठलेली दिसते, आणि हा गट काळानुसार सरकत जातो. स्वरोच्चारातील फॉर्मंट आणि संयुक्त स्वरातील त्याची गती ज्याने पाहिली आहे त्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. तंबोरा ‘बोलतो’ असे गवई म्हणतात, त्यात केवळ अलंकार नाही. (स्वर हा शब्द संगीतात एका अर्थाने व व्याकरणात दुसऱ्या अर्थाने वापरावा लागतो, ही मराठीची जुनी अडचण येथेही सोसावी लागत आहे.)

तबल्यावरील शाईचीही हीच जात. साध्या ताणलेल्या चामड्याचे अधिस्वर परस्परांशी पूर्णांकी प्रमाणात नसतात, म्हणून ढोलाला निश्चित स्वर नसतो. चामड्यावर थरावर थर देऊन वजन चढविले की त्यांतील काही अधिस्वर प्रमाणात येतात. रामन व शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’ नियतकालिकात हे मांडले.

तेव्हा धागा आणि ठोकळा यांत भेद कोणता? दोन्ही क्षुद्र दिसतात, दोन्ही तारेखाली जातात, दोहोंविषयी जाणकार मोठ्या ठामपणे बोलतात. भेद असा की, धागा जेथे ध्वनी निर्माण होतो तेथेच, कंपन पावणाऱ्या तारेला प्रत्यक्ष स्पर्श करतो. ठोकळा जिला स्पर्श करतो ती तार ध्वनी निर्माण करीत नाही, ती केवळ विद्युत्प्रवाह वाहून नेते. जमिनीपासून चार अंगुळे वर उचलल्याने त्या प्रवाहात श्राव्य असा बदल घडविणारे कारण सांगता येत नाही. दुसरा भेद याहून महत्त्वाचा. धागा आहे की नाही हे पडद्याआड बसलेला माणूसही सांगू शकतो.

मधली एक अवस्थाही आहे, तिचा विचार केल्यावाचून ‘सुधारणा’ हा शब्द वापरणे धोक्याचे होईल. ग्रामोफोनच्या काळात तबकडीची एक बाजू वाजली की पोलादी सुई बदलावी लागे. तबकडीची झीज होऊ नये म्हणून काही षौकीन बांबूच्या तंतूंची त्रिकोणी सुई वापरीत व खास कात्रीने तिचे टोक पुनःपुन्हा कापीत. या सुईने तबकडीची खरखर निश्चित कमी होई. पण बांबू मऊ असल्यामुळे खरखरीबरोबर गाण्यातले वरचे अधिस्वरही तो गिळून टाकी. आवाज बदले, हे निर्विवाद. तो सुधारे काय? खरखर ज्याला असह्य होती त्याला सुधारे. ‘स’ आणि ‘श’ यांतील भेद ज्याला ऐकावयाचा होता त्याला बिघडे. साधनाने फरक पडतो की नाही हा एक प्रश्न आणि पडलेला फरक इष्ट की अनिष्ट हा दुसरा. पहिल्याचे उत्तर चाचणीने मिळते. दुसऱ्याचे उत्तर आपण कशासाठी ऐकतो यावर अवलंबून राहते. ठोकळ्यांचा वाद पहिल्या पायरीवरच अडलेला आहे.

आता खोलीकडे वळू, कारण माझ्या मते या विषयाचा खरा गाभा तेथे आहे आणि तिकडे कोणी पाहत नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग वस्तुसंग्रहालयातील व्याख्यानगृह १८९५ साली उभे राहिले तेव्हा त्यात वक्त्याचे बोलणे कळेनासे झाले. एक शब्द विरण्यापूर्वी पुढचे कित्येक शब्द त्यावर येऊन आदळत. वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकावर दोष काढण्याचे काम सोपविण्यात आले. त्यांनी जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री वाहून आणाव्यात, व्याख्यानगृहात मांडाव्यात, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवावी आणि नाद ऐकू येईनासा होण्यास किती वेळ लागतो ते घड्याळाने मोजावे. पहाटेपूर्वी गाद्या पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवाव्यात. रिकाम्या गृहात नाद साडेपाच सेकंदांहून अधिक टिके. गाद्या वाढत गेल्या तसतसा तो काळ घटत गेला. या परिश्रमांतून निनादकालाचे सूत्र निघाले. खोलीचे घनमीटरांतील घनफळ ०.१६१ ने गुणावे आणि तिच्यातील एकूण शोषणाने भागावे, म्हणजे सेकंदांत निनादकाल येतो. १९०० साली उघडलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल या सूत्राच्या आधारे बांधलेले पहिले संगीतगृह होय.

साडूंची बैठकीची खोली सुमारे चार मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद व तीन मीटर उंच आहे. खाली फरशी, वर सिमेंटचे छत, भिंतींना गुळगुळीत गिलावा. घनफळ ४२ घनमीटर. सर्व पृष्ठांचे क्षेत्रफळ ७३ चौरस मीटर. असे कठीण पृष्ठ आपल्यावर पडलेल्या ध्वनीपैकी शेकडा तीनच्या आसपास शोषते असे धरले, तर एकूण शोषण २.२ चौरस मीटर आणि रिकाम्या खोलीचा निनादकाल सुमारे तीन सेकंद. आता सहा चौरस मीटर जाड गोधड्या भिंतीपासून किंचित दूर टांगल्या व त्या निम्मा ध्वनी शोषतात असे मानले, तर तो काळ १.३ सेकंदांवर येतो; आणि खोलीत चार माणसे येऊन बसली की एका सेकंदाच्या आसपास. हा हिशेब ढोबळ आहे. खोलीत कपाट, पलंग, दारे-खिडक्या असतात, आणि शोषण वारंवारतेनुसार बदलते. गोधडी वरच्या वारंवारता चांगल्या शोषते, खालच्या फारशा नाही. तरीही फरकाचे परिमाण पाहण्याजोगे आहे. त्यात आणखी एक गोष्ट मिळवावी. वैशाखात विदर्भातील घरोघरी कूलर चालू असतो. त्याच्या पंख्याचा व पाण्याचा आवाज संगीतातील हलके अंश झाकून टाकतो; श्रवणशास्त्रात यास आच्छादन म्हणतात. खडे, शंकू व ठोकळे यांची परीक्षा साडू कूलर चालू ठेवून घेत होते, हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आले.

तारांविषयी फार लिहिण्यासारखे नाही, पण आकडे सांगितले पाहिजेत, कारण तार मुळीच महत्त्वाची नाही असेही नव्हे. स्पीकर पाच मीटर अंतरावर असेल तर प्रवाहास जाऊन-येऊन दहा मीटर तांबे ओलांडावे लागते. अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या साध्या तारेचा एवढ्या लांबीस रोध सुमारे ०.०७ ओहम, तर अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक तारेचा सुमारे ०.३४ ओहम. स्पीकर आठ ओहमचा असल्यास पहिल्या तारेत ०.१ डेसिबेलपेक्षाही कमी पातळी घटते, दुसरीत सुमारे ०.४. म्हणजे अतिबारीक तार बदलून पुरेशी जाड घालणे सयुक्तिक आहे. तिच्यापलीकडे खर्च केलेल्या पैशास तांबे जबाबदार नाही. विजेच्या जाड तारेची गोष्ट तर अधिकच विनोदी. वीज उपकेंद्रापासून कोसच्या कोस साध्या तारांतून आलेली असते, आणि तिचे चारित्र्य शेवटच्या दीड मीटरमध्ये पालटावे अशी अपेक्षा असते. याउलट घरातील अर्थिंग सदोष असेल तर ५० वा १०० हर्ट्झची गुणगुण स्पष्ट ऐकू येते, आणि ते दुरुस्त केले की ती जाते. तबकडीचे यंत्र स्पीकरांच्याच टेबलावर असेल तर स्पीकरांची कंपने सुईपर्यंत पोहोचतात, तेव्हा त्याच्याखाली मऊ बैठक घालण्यातही अर्थ आहे. १९९० च्या सुमारास सीडीच्या कडेला हिरव्या शाईची रेघ ओढल्याने आवाज सुधारतो असा समज बराच पसरला होता. सीडी वाचणारा किरण ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे अवरक्त असतो, आणि वाचनातील किरकोळ चुका दुरुस्त करण्याची योजना सीडीच्या संकेतप्रणालीतच केलेली आहे. रेघेला काम करावयास जागाच उरत नाही.

असे असता मला फरक ऐकू का आला? या प्रश्नावर आपल्या शास्त्राजवळ बरेच सांगण्यासारखे आहे. १९७६ साली मॅकगर्क व मॅकडोनल्ड यांनी दाखविले की, कानावर ‘ब’ पडत असता डोळ्यांपुढे ‘ग’ उच्चारणारे ओठ असले तर पुष्कळांना ‘द’सारखा तिसराच ध्वनी ऐकू येतो, आणि ही युक्ती आहे हे माहीत असूनही तो ऐकू येत राहतो. १९९९ साली नॅन्सी नीडझिएल्स्की यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डेट्रॉइटच्या परिसरातील श्रोत्यांना तेथील एका स्त्रीचे ध्वनिमुद्रित बोलणे ऐकवून, तिच्या स्वरांशी जुळणारे कृत्रिम स्वर निवडावयास सांगितले होते. काहींच्या उत्तरपत्रिकेच्या माथ्यावर ती कॅनडाची असल्याचे लिहिले होते, काहींच्या मिशिगनची. ध्वनी तोच असता, ‘कॅनडा’ वाचणाऱ्यांनी कॅनडाच्या मानल्या जाणाऱ्या उच्चाराकडे झुकणारे स्वर अधिक निवडले. जेनिफर हे व केटी ड्रेगर यांचा २०१० सालचा न्यूझीलंडमधील प्रयोग तर आपल्या प्रश्नाशी थेट भिडतो. त्यांनी श्रोत्यांस काहीच सांगितले नाही. केवळ खोलीत कापडी खेळणी ठेवली होती, काहींच्या वेळी ऑस्ट्रेलियाचे कांगारू व कोआला, काहींच्या वेळी न्यूझीलंडचे किवी पक्षी. तेवढ्याने श्रोत्यांनी निवडलेल्या स्वरांत फरक आढळला. खोलीत ठेवलेल्या निर्जीव वस्तूने ऐकू येणे बदलते, हा साडूंचा सिद्धांत त्या अर्थाने खरा आहे. बदल खोलीतील हवेत घडत नाही, इतकेच.

येथे ‘मनाचे खेळ’ असे म्हणून विषय मिटविण्याची घाई करू नये. श्रवण म्हणजे कानाने आणलेल्या अपुऱ्या पुराव्यावर मेंदूने केलेले अनुमान होय, आणि अनुमानात पूर्वज्ञान येणारच. ते आले नसते तर गोंगाटात आपल्याला एकमेकांचे बोलणेही कळले नसते. स्पीकरांच्या बाबतीत फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली हेच दाखविले. स्पीकर डोळ्यांपुढे असता श्रोत्यांनी दिलेला कौल आणि ते पडद्याआड असता दिलेला कौल यांत मोठी तफावत पडली.  तेव्हा साडू खोटे बोलत नव्हते आणि त्यांचे कानही वाईट नव्हते. त्यांच्या विधानातील चतुर्थी तेवढी हरवली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरगुती चाचणी घेतली. कूलर बंद केला. साडू व मी ओसरीवर बसलो. त्यांचा मुलगा आत नाणे उडवी आणि छाप आल्यास ठोकळे लावी, काटा आल्यास काढी. तारांवर व स्पीकरांवर चादर पसरली जाई. आवाजाच्या खुंटीला हात लावावयाचा नाही असे ठरले होते. मग त्याने खोलीबाहेर जावे, आम्ही आत येऊन तेच दोन मिनिटांचे गायन ऐकावे आणि आपापल्या कागदावर लिहावे. मुलाला बाहेर पाठविण्याचे कारण हान्स नावाच्या घोड्याची गोष्ट ज्यांनी वाचली आहे त्यांस ठाऊक असेल. बर्लिनमधील हा घोडा गणिते सोडवी. ऑस्कर पफुंगस्ट यांनी १९०७ साली दाखवून दिले की, तो प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरील नकळत हालचाली वाचत असे. ज्याला उत्तर माहीत आहे तो समोर असला की चाचणी बिघडते.

अशा दहा फेऱ्या केल्या. दहापैकी सात वा अधिक उत्तरे केवळ अंदाजाने बरोबर येण्याचा संभव शेकडा सतराच्या आसपास असतो, म्हणून सातांवर हुरळून जाता येत नाही. नऊ वा अधिक येण्याचा संभव मात्र शेकडा एकाच्या जवळपास, तेव्हा तेथे विचार करणे भाग पडते. साडूंची व माझी दोघांचीही उत्तरे निम्म्याच्या आसपास राहिली. या पद्धतीवर रास्त आक्षेप असा की, दोन श्रवणांमध्ये मिनिटभराचा खंड पडत असल्याने सूक्ष्म फरक स्मरणातून निसटतो. प्रयोगशाळेत याच कारणासाठी क्षणात अदलाबदल करणारी कळ वापरतात व पातळी दशांश डेसिबेलच्या आत जुळवून घेतात, कारण किंचित मोठा आवाज कानाला मोठा न वाटता चांगला वाटतो. आमच्या चाचणीने अतिसूक्ष्म फरक नाहीच असे सिद्ध झाले नाही. परंतु दावा सूक्ष्म फरकाचा नव्हताच. ‘शेजारच्या खोलीतूनही कळेल’ असे साडू म्हणत होते, आणि अशा फरकाने मिनिटभर टिकावयास हरकत नव्हती. त्यानंतर ठोकळे बाजूला ठेवून भिंतीलगत दोरीवर तीन गोधड्या टांगल्या. त्या काढताना व घालताना दिसू नयेत म्हणून आम्ही पंचाने डोळे बांधून आत येत होतो. या वेळी आम्ही दोघेही एकदाही चुकलो नाही. स्वयंपाकघरातून मेव्हणीबाईंनी न विचारताच सांगितले की, मध्येच घर रिकामे केल्यासारखा आवाज येतो आहे. साडूंनी दुसरी तार मागविण्याचा बेत सोडला. ठोकळे मात्र त्यांनी तसेच ठेवले आहेत, कारण त्यामुळे तारांखालून केरसुणी नीट फिरते.

मी परत आलो तो माझ्या जुन्या वह्या काढून बसलो. यवतमाळ जिल्ह्यात वऱ्हाडी बोलली जाते, त्याचप्रमाणे कोलामी, गोंडी व बंजारा या भाषाही नांदतात. एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ साली निघाला. १९३५ ते १९३८ या काळात, ध्वनिफीत क्षेत्रकार्यात रुळण्यापूर्वी, ते भारतात कान व पेन्सिल यांवर काम करीत होते. आपल्याजवळ पुन्हा ऐकण्याची सोय आहे. वऱ्हाडीत ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो, ‘पाणी’ हे ‘पानी’ होते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो, आणि मग त्यांना ऐकावयास पाठवितो. माझ्या वह्यांत प्रत्येक पानाच्या माथ्यावर बोलणाऱ्याचे गाव, वय, शिक्षण व व्यवसाय लिहिलेले आहेत, आणि त्याखाली लिप्यंतर. ‘न’ आणि ‘ण’ यांच्यामध्ये भिंत नाही, उतार आहे. जिभेचे टोक किती मागे वळले यावर सारे अवलंबून. अशा उतारावर माथ्यावरील ‘निरक्षर, शेतमजूर’ हे शब्द डेट्रॉइटच्या उत्तरपत्रिकेवरील ‘कॅनडा’चे काम करणार नाहीत असे मी कशावरून धरून चालत होतो?

एका विद्यार्थिनीकडून मी त्या ध्वनिमुद्रणांतील सुटे शब्द कापून, नावे झाकून व क्रम विस्कटून घेतले आणि पुन्हा ऐकले. शिकलेल्या माणसांच्या तोंडी मी लिहिलेले काही ‘ण’ आता ‘न’ ऐकू आले, आणि मजुरांच्या तोंडी लिहिलेल्या काही ‘न’मध्ये मूर्धन्य वळण होते. सर्वत्र असे झाले नाही; ‘डोया’ बहुतेक ठिकाणी ‘डोया’च राहिला, कारण ‘ळ’ व ‘य’ यांतील अंतर मोठे आहे. तथापि त्या वह्यांवर आधारलेल्या माझ्या एका निबंधात शिक्षण व मूर्धन्य अनुनासिक यांचा संबंध दाखविणारा जो तक्ता आहे, तो मी मागे घेत आहे. संबंधित शब्दांचे लिप्यंतर दोन व्यक्तींकडून, एकमेकींस न विचारता व बोलणाऱ्याची माहिती न देता, नव्याने करून घेण्याचे काम सुरू आहे, आणि ज्या ठिकाणी त्या दोघींचे एकमत होत नाही ते शब्द वेगळ्या यादीत ठेवले जात आहेत.